धुरा

चुन्याची पुडी टाचेखाली फुटली की फटाका वाजतो,
हे गावातल्या पोरांना माझ्याच ठेल्यानं शिकवलं.
लोमेशची पुडी फुटली नाही.
म्हणून त्यानं उचलली, डोळ्याजवळ नेऊन पाहिली
अन् दाबली.

मी पन्नीवर खर्रा घोटत होतो.
ओरडणं ऐकूनही दोन हात जास्तच मारले,
हाताला तशी सवय.

कोणी म्हणे तूप घाल, कोणी म्हणे बाळंतिणीचं दूध.
कोतवालाची बायको एकटीच पाणी, पाणी करत होती.
तिचं ऐकायला पाहिजे होतं.
लाखांदूरच्या कंपाउंडरनं सलाईनच्या तीन बाटल्या
त्याच्या डोळ्यावर रित्या केल्या,
तोवर बुबुळानं साय धरली होती.

दीड वर्ष शाळेत त्याचं नाव चुना.

नागपूरच्या कोहळे मॅडमनं कागदावर गोल काढला.
काळ्या-पांढऱ्याच्या मधात हा काठ, म्हणाल्या,
यात मूळपेशी राहतात.
बुबुळावरचा पापुद्रा रोज झिजतो,
रोज इथून नवा सरकत येतो.
काठ जळला, की पांढऱ्यातली कातडी
लाल शिरा घेऊन आत घुसते.

मी म्हटलं, धुरा.
काय?
धुरा फुटला, मॅडम. बांधीत तण आलं.
त्यांनी तो शब्द गोलाच्या बाजूला लिहून घेतला,
पुढं प्रश्नचिन्ह लावून.

मग सांगितलं ते असं:
चांगल्या डोळ्याच्या काठातून
तिळाहून लहान तुकडा घ्यायचा,
त्याचे दहा-बारा कण करायचे,
जळका डोळा खरवडून त्यावर
वारेचा पापुद्रा चिकटवायचा,
अन् त्यावर ते कण मांडायचे, गोल, अंतर सोडून.

पऱ्हे, म्हणाली देवांगना.
बारा वर्षं रोवण्याच्या टोळीत वाकलेली बाई,
तिला कागद लागला नाही.
तिनं एवढंच विचारलं,
जिथून उपटाल तिथं खड्डा पडेल का?
भरून येतं, मॅडम म्हणाल्या, बहुतेक.
ते बहुतेक
ती परतीच्या एसटीत पवनीपर्यंत चघळत होती.

माझी माय सुईण होती.
वार ती अंगणात पुरायची,
कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड.
तो दगड कोणी हलवला तर गावभर शिव्या.
तिला मी काय सांगणार होतो?
की कोण्या बाईची वार धुऊन, गोठवून,
तुझ्या नातवाच्या डोळ्यात पुरली,
वर दगडही नाही ठेवला?

ऑपरेशनच्या दिवसापासून देवांगना
लेकुरवाळी बाई दिसली की जागा देते,
बसमध्ये, नळावर, रेशनच्या रांगेत.
विचारत काही नाही.

पट्टी सुटली तेव्हा चमत्कार झाला नाही.
उजेड आहे, म्हणाला, पण मळका.
दिवाळीत म्हणाला, माणूस अन् खांब वेगळा कळतो.
मॅडम म्हणाल्या, मुळं धरलीत, थेंब चुकवू नका.
अजून एक ऑपरेशन लागेल, नाहीही लागेल.

ठेला मी बंद केला नाही.
करायला पाहिजे होता, असं सांगणारे
सगळे उधारीवाले.
चुना आता डब्यात, डबा आढ्याला.
मागितला की स्टुलावर चढावं लागते.
गिऱ्हाईक हसते, शालीकभाऊ, चुना हाय का सोनं?
मी चढतो. उतरतो.

काल रोवण्याची भाकर घेऊन
आम्ही दोघं धुऱ्यावरून चाललो होतो.
लोमेश मधेच थांबला,
चांगल्या डोळ्यावर तळवा दाबला,
अन् बांधीतले बगळे मोजू लागला.
बोट हळू सरकत होतं, एकेकावर टेकत.

सहा, म्हणाला.

बगळे पाच होते.
सहावी खर्ऱ्याची पन्नी,
वाऱ्यानं मान हलवणारी.

बरोबर, मी म्हटलं.
भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं,
चप्पल धुऱ्यावर काढली
अन् पन्नी आणायला चिखलात उतरलो.